चाळिसावी शिळा

कातळवेशीच्या खिंडीत या चाळीस शिळा उभ्या आहेत, एकीला एक खेटून. हा आमचा काव्यसंग्रह. एका शिळेवर एक कविता आणि एका कवितेत एक मेलेला माणूस. शेवटची शिळा तेवढी अर्धीच आहे. तिच्यावर एकच ओळ आहे, तीही वाकडी. वरच्या कडेला खाचा दिसतात ना, त्या दातांच्या. बोट घालून बघा, पेरभर आत जातं.

गावातले म्हातारे ही हकीकत सांगताना मधला भाग गिळतात. मी गिळणार नाही.

पूर्वी दर बारा वर्षांनी इकडे गिरचर यायचा, असं सांगतात. गिरचर म्हणजे डोंगर चरणारा राक्षस. गाय गवत खाते तसा तो टेकड्या खायचा, आणि गवतातले किडे गाईच्या दाताखाली येतात तशी माणसं त्याच्या दाताखाली यायची. एका भर दुपारी तो आला. आकाशात थोरला सूर्य होता आणि धाकटाही होता. खाणीत काम करणारे चाळीस पाथरवट वेशीकडे पळत सुटले. ते पोचायच्या आत गावच्या पंचांनी दार लावून घेतलं. आतून अडसर घातला तो पंचांतला मोठा, गोमाजी. बाहेर दारावर मुठी आपटणाऱ्यांत त्याचा स्वतःचा मुलगा होता, सुभान. गिरचराने चाळीसही जण दारासमोरच खाल्ले. फळ्यांच्या फटीतून रक्त आत आलं, तेव्हा पंचांनी म्हणे पाय वर घेतले.

सुभानची बहीण रेवू. तीही पाथरवटीण, आणि कविता रचणारी. तिला एक गोष्ट ठाऊक होती. गिरचर कुठलाही दगड पचवतो, पण ज्यावर खरं कोरलंय तो दगड त्याच्या पोटात पेटतो. म्हणून ती खिंडीत शिळा रोवू लागली. पाथरवटांची रीत अशी की एकाने ओळ मोठ्याने म्हणायची आणि दुसऱ्याने छिन्नी मारायची. म्हटल्यावाचून कोरायचं नाही. रेवू रचायची, मेलेल्याच्या घरचं कुणीतरी म्हणायचं आणि छिन्नी रेवूच मारायची. बारा वर्षांत एकोणचाळीस शिळा झाल्या. कोण कसा मेला, कुणाचा कुठला अवयव नंतर सापडला, सगळं त्यात आहे. वाचा, पण जेवून वाचू नका.

चाळिसावी सुभानची. त्यात दाराच्या अडसराची गोष्ट येणार हे पंचांना कळलं होतं. गोमाजी लेकीला म्हणाला, "झालं गेलं उकरून काय मिळणार? गावाची अब्रू आहे."

"गावाची नाही आबा, तुमची," रेवू म्हणाली.

मग या शहाण्या माणसांनी काय केलं? तिचा उजवा हात त्याच शिळेवर ठेवून घणाने ठेचला. मनगट बापाने धरलं होतं. तीन घाव घातले, पहिल्यातच काम झालं असताना. नंतर पंचांनी स्वतः बसून कविता रचली: वडीलधाऱ्यांनी छातीचा कोट केला आणि सुभान हसत हसत गावासाठी मेला. ती कोरूनही घेतली. वृत्त कुठे चुकलं नव्हतं. बाकी सगळं खोटं होतं.

आठव्या दिवशी गिरचर आला. एकेक शिळा हुंगत गेला आणि तोंड फिरवत गेला. चाळिसावी त्याने वरून अर्धी तोडली, खोट्या कवितेसकट, सहज, भाकरीसारखी. तिथे पहाऱ्यावर दोघे पंच होते, ते त्याच घासात गेले. तिसरा पळताना पायाखाली आला आणि त्याचा चिखल झाला. धरलेला दगड गिरचर अर्धा सोडत नाही. तो चावत उभा राहिला, उरलेल्या अर्ध्यासाठी.

गोमाजी वेशीकडे धावला, पुन्हा अडसर घालायला. या वेळी शिळांच्या भरवशावर सगळं गाव बाहेर होतं. रेवूने डाव्या हाताने त्याची शेंडी धरली आणि फरफटत शिळेपाशी आणला. त्याच्या हातात छिन्नी-हातोडा कोंबला.

"मी म्हणते, तुम्ही कोरा."

"रेवू, तो बघतोय."

"म्हणून तर. कोरा."

म्हाताऱ्याला तिथे उपरती झाली, असं आमच्याकडे पंगतीत सांगतात. दुसरंही सांगतात, की रेवूने मोडक्या हाताचं हाड त्याच्या मानेला लावलं होतं. मला दुसरं पटतं. गोमाजी रडत होता, म्हणून ओळ वाकडी आली: "सुभानला बाहेर ठेवून अडसर मी घातला." शेवटचं अक्षर झालं आणि गिरचर वाकला. त्याने शिळेत दात रुतवले, एक कपची गिळली. तेवढी पुरली. त्याचं पोट आतून फुटलं, आतडी खिंडभर पडली, आणि कोसळताना त्याच्या गुडघ्याखाली गोमाजी आला. डावीकडची ती बोडकी टेकडी म्हणजे गिरचर. रेवू हात सडून पाचव्या दिवशी गेली. सुभानची कविता तेवढ्या एका ओळीचीच राहिली. जाताना तिने गावाला एक रीत लावून दिली.

आजही त्या तिथीला संग्रह वाचण्याआधी गावचे सगळे म्हातारे वेशीबाहेर उभे राहतात, अनवाणी. तरणी पोरं-पोरी आत राहून अडसर घालतात. प्रत्येक म्हाताऱ्याने वर्षभरात आपण कुणाला दाराबाहेर ठेवलं ते नाव घेऊन सांगायचं. खोटं बोललं तर आतले ओळखतात. त्यांतलेच काही बाहेर ठेवलेले असतात.

गेल्या साली केरबातात्या दोन घटका तापल्या दगडावर पाय बदलत होते. मग म्हणाले, "उघडा गं, ऊन फार आहे."

आतून त्यांची धाकटी सून म्हणाली, "तेव्हाही ऊनच होतं, मामंजी. नाव सांगा."