बोकडकाकांनी शिट्टी गिळली

चूक बोकडकाकांची. दुसऱ्या कुणाची नाही.

बोकडकाका बाभूळफाट्याचे साहेब. त्यांनी शिट्टी वाजवली की गाडी सुटायची. पण दिसेल ते खायची काकांना खोड. गाड्यांच्या वेळांचा फलक होता, तो खाल्ला. बसायच्या बाकाची फळी होती, ती खाल्ली. आज शिट्टी तोंडात धरली आणि चघळत बसले.

चघळता चघळता ती वाजली. पींऽऽ!

पल्याडवाडीची गाडी सुटली. रिकामीच! भुर्रर्र!

काका दचकले. शिट्टी पोटात गेली. गटक्!

तेवढ्यात दुसरी गाडी आली. खडखड, खडखड, थड्! तिच्यातून उतरली सुंद्री चिचुंद्री. नाक लांब. शेपूट लांब. काखेत इवलंसं टोपडं. तिला उतरवून गाडी माघारी गेली.

"काका, पल्याडवाडीची गाडी?"

"गेली."

"अहो, पण मी तर आत्ताच आले!"

"वेळेवर यायला शिका!"

मोठी माणसं अशीच. चूक त्यांची, ओरडा आपल्याला.

सुंद्रीला रडू आलं. मुसू मुसू. पल्याडवाडीला आज तिच्या भाच्याचं बारसं. सुंद्री त्याची आत्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं. मग बाळाला नाव मिळणार. आणि तिकडे एक आजोबा बसले होते. ते म्हणत होते, "ऊन उतरेपर्यंत थांबतो. आत्या नाही आली, तर मीच नाव ठेवतो. नाकाड्या!"

शी! नाकाड्या!

चालत जावं? डोंगर केवढा! पाय केवढेसे!

फाट्यामागे एक म्हातारी गाडी उभी होती. तिचं नाव ठमी. सुंद्री तिच्याकडे गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ठमीआजी, ठमीआजी, मला पल्याडवाडीला ने.
भाचा माझा बिननावाचा!"

ठमी म्हणाली, "मी कशी नेऊ? आधी ड्रायव्हर बसू दे."

सुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. रेडेदादा ड्रायव्हर चिखलात लोळत होता. डबुक, डबुक.

"रेडेदादा, रेडेदादा, गाडीत बस.
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

रेडेदादा म्हणाला, "मी कसा बसू? आधी कंडक्टर चढू दे."

सुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. माकडभाऊ कंडक्टर झाडावर शेंगा खात होता. कुटुम, कुटुम.

"माकडभाऊ, माकडभाऊ, गाडीत चढ.
ड्रायव्हर बसेना,
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

माकडभाऊ म्हणाला, "मी कसा चढू? आधी शिट्टी मिळू दे."

सुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली पुन्हा बोकडकाकांकडे.

"बोकडकाका, बोकडकाका, शिट्टी द्या.
कंडक्टर चढेना,
ड्रायव्हर बसेना,
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

काका म्हणाले, "कसली शिट्टी? मी नाही पाहिली."

काकांच्या पोटातून आवाज आला. पुंई.

"काका, तुमच्या पोटात काय आहे?"

"मोठ्यांना असलं विचारायचं नसतं!"

पुंई.

सुंद्रीला कळलं. शिट्टी काकांच्या पोटात आहे. काकांना ठसका लागला, तर शिट्टी बाहेर पडेल. आणि ठसका कशाने लागतो? मिरचीने!

सुंद्री गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. काकांच्या शेजारीच भज्यांची टपरी होती. कढईत मिरची गपगार पडली होती.

"मिरचीबाई, मिरचीबाई, काकांना ठसका दे.
शिट्टी निघेना,
कंडक्टर चढेना,
ड्रायव्हर बसेना,
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

मिरची म्हणाली, "मी कशी तडतडू? आधी चूल पेटू दे."

चूल तिथेच होती. नुसती धुमसत होती. फुस्, फुस्.

"चूलबाई, चूलबाई, जरा पेट.
मिरची तडतडेना,
शिट्टी निघेना,
कंडक्टर चढेना,
ड्रायव्हर बसेना,
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

चूल म्हणाली, "मी कशी पेटू? आधी वारा येऊ दे."

सुंद्री गेली. तुरुतुरु... तुरु... तुरु. पाय दमले. ऊन उतरायला लागलं. पिंपळाच्या पानांत एक छोटासा वारा खेळत होता. सळसळ, सळसळ.

"वाऱ्या, वाऱ्या, फुंकर मार.
चूल पेटेना,
मिरची तडतडेना,
शिट्टी निघेना,
कंडक्टर चढेना,
ड्रायव्हर बसेना,
गाडी हलेना,
भाचा माझा बिननावाचा!"

वारा म्हणाला, "बरं."

सुंद्री म्हणाली, "आधी काय आणू?"

"आधी? आधी म्हणजे काय?"

वारा लहान होता ना! 'आधी हे, आधी ते' त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"चल गं!" वारा म्हणाला. आणि सुटला!

वारा सुटला. फूऽऽऽ!
चूल पेटली. भग्ग!
मिरची तडतडली. तड तड तड!
काकांना ठसका लागला. ठॅक्! ठॅक्! ठॅऽऽक्!
शिट्टी निघाली. टुण्णकन!

माकडभाऊने झेलली. सदऱ्याला पुसली. वाजवली. पींऽऽ!

कंडक्टर चढला.
ड्रायव्हर बसला. चिखलासकट बसला. पच्च!
गाडी हलली. खडखड, खडखड, भुर्रर्र!

सुंद्री खिडकीत बसली. वारा खिडकीबाहेर पळत होता. डोंगर चढला, डोंगर उतरला, आली पल्याडवाडी!

आजोबांनी तोंड उघडलं. "ना..."

"थांबा!" सुंद्री ओरडली. "आत्या आलीय!"

सुंद्री तुरुतुरु पाळण्याशी गेली. बाळाला टोपडं घातलं. बाळाच्या कानाशी वाकली. मागून सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. धप, धप, धपाधप! बारशाला आत्याला धपाटे मिळतातच. सुंद्री खुदुखुदु हसली आणि कानात म्हणाली,

"कुर्रर्र! सुगंध!"

"आँ? चिचुंद्रीचं पोर, आणि नाव सुगंध?" आजोबा म्हणाले.

"हो," सुंद्री म्हणाली. "सुगंधच."

आणि सुगंध हसला.

मग सगळ्यांना गरम गरम घुगऱ्या मिळाल्या. माकडभाऊला ओंजळभर. रेडेदादाला घमेलंभर. ठमीच्या टपावर मूठभर. वाऱ्याने फुंकर मारून सगळ्यांच्या घुगऱ्या निववल्या. फूऽऽ!

बोकडकाका फाट्यावरच राहिले.

त्यांना एकही घुगरी मिळाली नाही.