हणमंताने सांभाळलेली मतं

"शेवंताची मतं म्हणे तिच्या नवऱ्यानंच..." एवढं कानावर आलं आणि पिठाच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं कोणालाच ऐकू आलं नाही. मग ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं पुरं केलं. कोणी म्हणालं चोरली, कोणी म्हणालं विकली. खरं काय ते त्यांच्या शेजारच्यांना ठाऊक, कारण मधली भिंत एकेरी विटेची आहे.

तर करंजवाडीत हणमंता नावाचा एक भोळा माणूस राहत होता. सांगितलेलं करायचा. फक्त सांगितलेलंच करायचा. त्याची बायको शेवंता गावाच्या पाणी समितीच्या अध्यक्षपदाला उभी राहिली होती. वरच्या आळीला नळ दहा मिनिटं येई, धार करंगळीएवढी. खालच्या आळीत तिच्याविरुद्ध उभे राहिलेले जुने अध्यक्ष ज्ञानोबा घुगे त्याच पाण्यानं म्हशी धुवायचे. आपण निवडून आलो तर दोन्ही आळ्यांना सारखंच पाणी, असं शेवंतानं सांगून टाकलं होतं.

यंदा मतदान मोबाइलवर होतं. सुरतेला कामाला गेलेल्यांना तिथूनच मत देता येणार होतं. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्यासाठी शेवटच्या दिवशी चावडीत एक टॅब ठेवायचा होता. अशा वरच्या आळीतल्या एकतीस बायका. शेवंताची सगळी भिस्त त्यांच्यावर.

आधी तिनं नवऱ्याला बजावलं, "अहो, मत द्यायला फोनवर सहा आकडे येतील. कोणी विचारलं तरी सांगायचे नाहीत."

"नाही सांगत," हणमंता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप म्हणून तो दवाखान्यात गेला. कंपाउंडरनं अकरा नंबरचा बिल्ला दिला आणि थोड्या वेळानं विचारलं, नंबर किती? हणमंता गप्प. बिल्ला मुठीत. बारावा आत गेला, तेरावा गेला, शेवटी डॉक्टर जेवायला गेले. हणमंता ताप घेऊन घरी आला.

शेवंतानं कपाळाला हात लावला, आधी त्याच्या, मग स्वतःच्या. "अहो, टेबल टाकून खुर्चीत बसलेला माणूस विचारतो, त्याला सांगायचं असतं."

"सांगतो की."

ताप उतरल्यावर तो ज्ञानोबांच्या पडवीसमोरून चालला होता. तेवढ्यात फोनवर सहा आकडे आले. ज्ञानोबा चहा पीत बसले होते. त्यांनी हाक मारून विचारलं, काय रे, आले का आकडे? हणमंतानं नीट पाहून घेतलं. टेबल होतं. खुर्ची होती. त्यानं आकडे सांगितले, आणि पुढचं बारीक अक्षर चष्म्याशिवाय दिसेना म्हणून फोनही हातात दिला. ज्ञानोबांनी मोठ्या मायेनं त्याचं मत देऊन टाकलं. स्वतःला.

त्या संध्याकाळी शेवंतानं भाकरी अशी थापली की शेजारची भांडी हलली.

पण शेवटच्या दिवशी टॅबवर लक्ष ठेवायला प्रत्येक उमेदवाराचा एक माणूस हवा होता. वरच्या आळीतले झाडून सगळे पुरुष ज्ञानोबांचा चहा प्यायलेले. हणमंताला चहानं पित्त व्हायचं. म्हणून तोच.

"नीट ऐका," शेवंता म्हणाली. "टॅबला भलत्याचा हात लागू द्यायचा नाही. आणि माझं नाव सांगून कोणी आलं, तर आधी खात्री करायची."

दुपारी दोनला कारकुनानं टॅब सुरू केला. पाचला तो आपोआप बंद होणार होता. कारकून हात धुवायला बाहेर गेला, ज्ञानोबांचा माणूस पान खायला. हणमंतानं दार लावलं आणि आतून अडसर घातला.

परत आलेल्या कारकुनानं दार ठोठावलं. हणमंतानं उघडलं नाही. मग एकतीस बायका आल्या. त्यांनी खिडकीतून सांगितलं, टॅबला बोट लावायचंय. हणमंता म्हणाला, तेच तर लावू द्यायचं नाही. ज्ञानोबांचा माणूस लांबून म्हणाला, बरोबर आहे त्याचं.

कोणीतरी शेवंताला बोलावून आणलं.

"अहो, मी आहे. दार उघडा."

"कशावरून?"

हणमंता खिडकीकडे पाठ करून, टॅब पोटाशी धरून बसला होता. शेवंतानं डोकं चालवलं. तिच्या फोनवर आलेले आकडे त्यानंच तिला वाचून दाखवले होते, तिसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

"चार, सात, शून्य, शून्य, नऊ, दोन!"

आतून हणमंताचा आवाज आला. "आकडे कोणाला सांगायचे नाहीत, हे माझ्या बायकोनं मला शिकवलंय. ती असं भर चौकात ओरडेल होय? तू शेवंता नव्हेसच."

दार जुनं, सागवानी. पाच वाजेपर्यंत हललं नाही.

पाचला हणमंता टॅब घेऊन बाहेर आला आणि कारकुनाला म्हणाला, "घ्या. एकाचाही हात लागलेला नाही."

कारकुनानं अहवालात लिहिलं, टॅबशी कोणतीही छेडछाड झाली नाही. ज्ञानोबा नऊ मतांनी निवडून आले.

म्हणजे गिरणीवर ऐकू आलं ते अर्धंच खरं. हणमंतानं मतं चोरली नाहीत आणि विकलीही नाहीत. सुरतेहून निघालेली चौदाच्या चौदा मतं शेवंताला सुखरूप पोचली. चावडीच्या उंबऱ्यापासून टॅबपर्यंत सात पावलं होती. त्या वाटेवरची एकतीस तेवढी राहिली.