विहिरीवरची वीस माणसं

माझी शाळा आठवीतच सुटली. लिहिण्यात चुका होतील, शब्दही साधेच आहेत. विहारातल्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

रत्नवेला या बंदरनगरीवर अरिंदम राजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्व तिथे एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. मोठे झाल्यावर ते पाचशे बैलगाड्यांचा तांडा घेऊन वाळवंटापलीकडच्या देशांत जात. त्या व्यापारावर नगरी श्रीमंत झाली, आणि श्रीमंत झाल्यावर राजाला भीती वाटू लागली. वाटेत एकच विहीर होती. ती परमुलखातल्या एका लहान गावाची. गावकरी येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दोर आणि पोहरा देत.

"उद्या त्यांनी नाही म्हटलं तर?" राजा म्हणाला. विहीर ताब्यात घ्यायला त्याने तांड्याबरोबर वीस सैनिक धाडले.

सैनिकांनी विहिरीला वेढा घातला. गावकऱ्यांनी दोर उचलले आणि दारं लावून घेतली. विहीर साठ हात खोल होती. बैलांना दोन दिवस पाणी मिळालं नव्हतं.

"झाली विहीर आपली," एक गाडीवान म्हणाला. "आता बसा वाकून बघत."

सैनिकांचा नायक चिडला. "चार घरं पेटवली की येतील दोर बाहेर."

"तुम्ही परत फिरा," बोधिसत्त्व म्हणाले.

"राजा डोकं उडवेल, श्रेष्ठी!"

"माझं उडवेल. तुम्ही निघा." पखालींत उरलंसुरलं पाणी होतं, ते त्यांनी सैनिकांना दिलं. पाचशे गाडीवान बोधिसत्त्वांच्या मागे उभे राहिलेले पाहून नायक सैनिकांना घेऊन माघारी निघाला.

मग बोधिसत्त्व गावची वडीलधारी सोमा हिच्या दारात गेले. "सैनिक गेले, माय."

"आणि पुन्हा आणलेस म्हणजे?"

"गाड्या जाऊ दे. मी इथेच राहतो, ओलीस."

सोमाने दोर दिला. बैल पाणी प्यायले, तांडा पुढे गेला.

आठव्या दिवशी राजा स्वतः सेना घेऊन आला. विहिरीवर पुन्हा दोर नव्हता.

"श्रीमंत राज्याने दुबळं राहायचं का?" त्याने बोधिसत्त्वांना विचारलं.

"नाही, महाराज. पण इथे वीस माणसं बसवली की त्यांना धान्य लागेल. धान्याला रस्ता लागेल, रस्त्याच्या राखणीला ती टेकडी. टेकडीपलीकडे दुसरा राजा आहे. त्याच्याकडेही पाठवायला वीस माणसं आहेत."

राजाने टेकडीकडे पाहिलं. मग त्याने सेनेला मागे हटायला सांगितलं, एकटाच सोमाच्या दाराशी गेला आणि ओंजळ पुढे केली. "पाणी मिळेल का, माय?"

"थांब बाबा, ताजं काढते," सोमा म्हणाली.

ही कथा संपवून भगवंत भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा तो आजचा भिक्खू आनंद. सोमा ती भिक्खुणी उत्पलवर्णा. ओलीस राहिलेला मीच होतो." बळ असताना हात आवरायला लावते, ती मैत्री.

हे लिहून झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या बोअरच्या नळाला शेजाऱ्यांनी पाणी नेऊ नये म्हणून लावलेलं कुलूप काढलं.