रोपं मागोमाग आली

लोखंडालाही वाचा होती त्या काळात एका खाचरात भातलावणीचं यंत्र उतरलं.

बांधावरून इंदूआते ओरडली, "अरे, आम्ही मागं मागं सरत लावतो. रोपाकडे तोंड ठेवून 'बाय, इथंच राहा' म्हणतो, मगच पुढचं रोप घेतो."

"एवढा वेळ कुणाला आहे?" म्हणत यंत्र तरातरा पुढे निघालं. त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.

दुपारी लावणी उरकून ते शेडमध्ये आलं. पाठीमागे चिखलात चुबुक चुबुक आवाज येत होता. त्यानं वळून पाहिलं. खाचर रिकामं होतं आणि दारात सगळी रोपं ओळीनं उभी होती. मुळांतून पाणी निथळत होतं.

"तुम्ही इथं कशी?" यंत्रानं घाबरून विचारलं.

"इथंच राहा असं आम्हाला कुणी म्हणालंच नाही," रोपं म्हणाली आणि आत आली.