न कलणारी गाडी

"बाबा, गाडी आता कलतच नाही, मग ही भिते कशाला, ते तुम्हीच विचारा तिला."

असं म्हणून हर्षद पिराच्या पायरीवर बसला. बसल्यावर ध्यानात आलं, चपला पायातच आहेत. त्या काढून बाजूला सरकवल्या.

दादूबाबा फकीर उदाची राख चाळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

घाटातल्या मोठ्या वळणाच्या अलीकडं हे पिराचं ठाणं. जाणारा-येणारा ड्रायव्हर इथं घटकाभर थांबतो, उदाचा धूर गाडीच्या तोंडावरून फिरवून घेतो आणि मगच पुढं जातो. बाबांनी स्वतः अर्धं आयुष्य याच घाटात ट्रक चालवला होता. एक दिवस ट्रक सोडला आणि इथंच राहिले. का, ते कुणाला सांगितलं नाही. हर्षद लहानपणापासून त्यांना गुरू मानायचा. काहीही नवं करायचं झालं की आधी त्यांच्या कानावर घालायचा. हे एवढं मात्र करून झाल्यावर सांगायला आला होता.

काजल, त्याची बायको, खांबाला टेकून उभी होती. कडेवर मनू, नुकती बसायला लागलेली. मायलेकी एसटीनं आल्या होत्या. हर्षद त्याच एसटीच्या मागं मागं, आपल्या मोठ्या गाडीतून.

"म्हणजे बायको-पोर पुढं एसटीत, आणि तू मागं रिकाम्या गाडीत?" बाबांनी विचारलं.

"हो ना बाबा. एसटीत निम्मे लोक ओळखीचे. मागच्या काचेतून मलाच बघत होते."

"एसटी कलत होती का रे वळणावर?"

"कलत होती? डुलत होती नुसती, पोट भरलेल्या म्हशीसारखी."

"पोचली का पण?"

"...पोचली."

काजलला हसू आलं. ते तिनं मनूच्या टोपड्यात लपवलं.

हर्षदचा आवाज जरा चढला. "बाबा, मी करायचं काय बाकी ठेवलं? गाडी उंच, त्यामुळं वळणावर एका अंगाला जायची. मागच्या खेपेला हिचं डोकं काचेवर आपटलं, पोरगी रडून रडून काळीनिळी झाली. त्याच दिवशी ठरवलं. कोल्हापुरात गाडी कामाला लावली. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा रॉड असतो खाली, तो काढून जाड टाकला. पुढं जाड, मागंही जाड. आता वळण कसंही घ्या, गाडी पाटासारखी सपाट. आख्ख्या गावात अशी गाडी नाही कुणाची."

"कुणासाठी टाकलास?"

"हिच्यासाठीच की."

"हिला विचारून?"

हर्षदनं काजलकडं पाहिलं. काजलनं रस्त्याकडं.

"हिला काय कळतंय रॉडमधलं, बाबा."

"तेही खरं," बाबा म्हणाले. मग काजलकडं वळले. "पोरी, तुला जे कळतंय ते सांग."

मनू झाल्यापासून काजलला कशाकशाची भीती वाटायची. उकळत्या दुधाची, उंबऱ्याची, उघड्या खिडकीची. सासूबाई हसायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसून घ्यायची. पण ही भीती त्यातली नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. सांगायचं कसं, ते मात्र कळत नव्हतं.

"आधी गाडी कलायची ना बाबा... तेव्हा हे हळू घ्यायचे."

"आणि आता?"

"आता कलत नाही."

तिनं मनूला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"अगं, पण मग हळू घ्यायची गरजच काय आता?" हर्षद म्हणाला.

उदाचा धूर खांबाभोवती घुटमळत राहिला.

"मी हिला सांगून टाकलंय बाबा," हर्षद शेवटी म्हणाला. "आज इथून पुढं गाडीत बसायचं. नसेल बसायचं तर खुशाल एसटीनं माहेरी जायचं, पण मग तिकडंच राहायचं. मी न्यायला येणार नाही."

घरी हेच बोलला होता, तेव्हा रागात बोलला म्हणून काजलनं सोडून दिलं होतं. आता पिराच्या दारात बोलला. म्हणजे...

"आणि ही?" बाबांनी मनूकडं बोट केलं. "ही कुणाकडं राहणार?"

हर्षद चपलेचा पट्टा नीट करत बसला.

"तुम्ही सांगाल तसं करीन बाबा," काजल म्हणाली. "बस म्हणालात तर बसेन."

"बघा, तीच म्हणतीय. सांगा बाबा."

बाबांनी हातावरची राख झटकली आणि ते उठले. हर्षदपुढं तळहात धरला.

"चावी दे."

"तुम्ही चालवणार?" हर्षदचा चेहरा खुलला. "चला की. एकदा हातात घेऊन बघा, मग तुम्हालाच कळेल."

"तू मागं बसायचं. ती बसते त्या जागेवर."

"मी मागं?"

"आणि पोरीला मांडीवर घ्यायचं."

काजलचे हात मनूभोवती आवळले. बाबांच्या ते ध्यानात आलं.

"भिऊ नको. घाई मला कधी जमलीच नाही."

तिनं मनूला हर्षदच्या हातात दिलं. "डोकं सांभाळा हं तिचं."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. पण या गाडीत त्यानं तिला कधी मांडीवर घेतलंच नव्हतं. गाडीत त्याचे हात नेहमी स्टिअरिंगवर असायचे.

काजल त्याच्या शेजारी बसली. रिकाम्या हातांचं काय करावं, ते तिला सुचेना.

बाबांनी गाडी काढली ती अशी, की सायकलवाला पुढं गेला असता.

पहिलं वळण आलं. गाडी सपाट.

"बघितलंस?" हर्षद काजलला म्हणाला. "काही जाणवलं तरी का?"

तिनं मान हलवली. खरंच काही जाणवलं नव्हतं.

"बाबा, जरा दाबा की. काही होत नाही गाडीला."

बाबांनी ऐकलं, न ऐकल्यासारखं केलं.

मग मोठं वळण. वरून एक टेम्पो हॉर्न देत उतरत होता. त्याला वाट द्यायला बाबांनी गाडी सावकाश दरीच्या अंगाला घेतली. हर्षदच्या खिडकीतला रस्ता सरला. कठडा सरला. राहिले ते फक्त खोल खाली झाडांचे शेंडे...

टेम्पो खडखडत निघून गेला. गाडी केसभरही हलली नाही.

काजलनं पाहिलं तर मनू दिसेना.

हर्षद तिच्यावर ओणवा झाला होता. पाठ दरीकडं, एक हात पोरीच्या डोक्यावर, दुसरा तिच्याभोवती. सगळं अंग काजलच्या बाजूला आलेलं. त्याचा खांदा काजलच्या खांद्यात रुतला होता आणि त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

"हळू... हळू घ्या बाबा."

गाडी आधीच जेमतेम सरकत होती.

वळण सरल्यावर रुंद जागा आली. तिथं बाबांनी गाडी उभी केली.

ओणव्या हर्षदच्या खालून मनूचा हात बाहेर आला आणि तिनं त्याची कॉलर धरली. काजलनं सवयीनं तिला घ्यायला हात पुढं केले... मग तसेच मागं घेऊन आपल्या मांडीवर ठेवले.

बाबा आरशातून बघत होते.

"हर्षद, गाडी कलली का रे?"

"नाही बाबा."

"जराशी तरी?"

"...नाही."

बाबांनी इंजिन बंद केलं.

"मग तू कशानं कललास?"