सुताराचे खोटे घारगे

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात एक सुतार राहत होता. तो पाळणे करायचा. त्याचा पाळणा हलताना कुरकुरत नसे, आणि त्याच्या कठड्यात बाळाचे बोट कधी अडकत नसे. आसपासच्या गावांत कुणाकडे बाळंतपण असले की घरचा माणूस आधी सुताराचे दार गाठी.

या सुताराची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली होती. थंडीचे दिवस होते. कोणी म्हणाले, जमिनीची ओल बाधली. कोणी आणखी काही म्हणाले. सुताराने ओलीचे तेवढे ऐकले आणि मनात धरून ठेवले.

पुढे त्याला मुलगा झाला. सुताराने शिसवी लाकडाचा पाळणा केला, त्यावर रंगीत लाकडी राघू टांगला आणि बायकोला बजावले, "याचं अंग जमिनीला लागता कामा नये." तो कामाला बसे तेव्हा पाळण्याची दोरी त्याच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली असे. हाताने रंधा चाले, पायाने पाळणा. बाळ पाळण्यातून आईच्या मांडीवर जाई, मांडीवरून खांद्यावर, आणि खांद्यावरून परत पाळण्यात.

शेजारी एक कुंभारीण होती. तिची मुलगी सुताराच्या मुलाएवढीच. कुंभारीण कोरड्या जागी गोधडी अंथरी, मुलीला तिच्यावर पालथी घाली आणि समोर बसून माती मळता मळता तिच्याशी बोलत राही. मुलगी मान वर करी, लाल होई, लाळ गाळी, पुन्हा तोंड टेकी. रडली की कुंभारीण हात पुसून तिला उचली. थोड्या वेळाने पुन्हा खाली ठेवी.

"वहिनी, ही पोर आहे की बेडकी?" सुतार कुंपणावरून हसे.

"बेडकी तर बेडकी. उद्या उडी तरी मारील," कुंभारीण म्हणे. "तुमचा राघू बसला पिंजऱ्यात, भावजी!"

सुतारणीने हे ऐकले. त्या दिवशी ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपणही याला थोडा वेळ खाली ठेवू या का? मी जवळून हलणार नाही."

"नको."

"ती ओलीनं गेली नाही हो."

"मग कशानं गेली?"

ते सुतारणीला सांगता आले नाही. ते कुणालाच ठाऊक नव्हते. सुताराला मात्र वाटले, आपलेच खरे.

त्या गावात एक रीत होती. बाळ आपले आपण पहिल्यांदा पालथे पडले की तांबड्या भोपळ्याचे घारगे तळायचे आणि घरोघर वाटायचे. एके दिवशी कुंभारणीकडचे घारगे आले. सुताराने एक खाल्ला. दुसऱ्याला हात लावला नाही.

मग लोक विचारू लागले. "काय सुतार, तुमचे घारगे कधी?" पारावरचा कोणी म्हणे, "भोपळा अजून वेलावरच दिसतोय!" सुतार हसून वेळ मारून नेई. घरी येऊन पाळण्यात बघे. मुलगा उताणा पडून राघूकडे टक लावून असे. त्याच्या डोक्यामागचे केस झिजले होते आणि तिथला भाग सपाट झाला होता, रंधा मारल्यासारखा. लाकडातला केसभर उंचवटा हेरणाऱ्या सुताराच्या नजरेला ते दिसत होते. पण दिसले की तो नजर वळवी.

एका सकाळी तो भोपळा घेऊन आला. "घारगे तळ."

"तो कुठं पडलाय अजून पालथा?"

"पडेल. आज नाही तर उद्या. तू तळ."

सुतारणीने मान खाली घालून घारगे तळले. सुताराने ते स्वतः घरोघर नेऊन दिले. सगळ्यांनी गोड मानून खाल्ले.

सुताराला एका गोष्टीचा विसर पडला होता. सुगी संपली की गावात देवळापुढे मोठी घोंगडी अंथरत. ज्यांचे घारगे गावाने खाल्ले त्या बाळांना तीवर सोडत, आणि गावची म्हातारी सुईण घुंगरू वाजवी. कोण वळते, कोण सरकते, ते बघायला सारा गाव बसे.

त्या दिवशी निघताना सुतारीण म्हणाली, "अजून सांगून टाकता येईल." सुतार मुलाला घेऊन चालू लागला.

घोंगडीवर कुंभारणीची मुलगी घुंगराच्या आवाजाकडे गर्रकन वळली आणि पोटावर सरकू लागली. लोक हसले, टाळ्या वाजल्या. सुताराच्या मुलाने नुसते डोळे फिरवले. तो उताणाच राहिला.

"लाजतोय वाटतं," सुईण म्हणाली. "पालथा पडतो ना हा? मग मीच ठेवते तसा."

तिने त्याला पालथे घातले. मुलाचे तोंड घोंगडीत गेले. त्याला मान उचलता येईना. तो रडू लागला तशी सुतारीण धावली आणि तिने त्याचा चेहरा हळूच एका अंगाला वळवला.

सगळ्यांना घारगे आठवले, हे सुताराला कळले. त्याचे कान तापले. आणि त्याच्या तोंडून निघून गेले, "काय करणार? पोरगंच नेभळट निघालं."

मुलाने आवाज ओळखला. त्याचे रडणे थांबले. घोंगडीवरून त्याची मान जेमतेम वर आली, थरथरली, आवाजाच्या दिशेने फिरली आणि पुन्हा खाली गेली. मग परत वर आली. तो बापाला शोधत होता.

सुताराला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गावाशी तो खोटे बोलला होता, ते एक वेळ त्याला पचले असते. पण ज्याला अजून 'मी नाही' म्हणता येत नाही, त्याच्यावर त्याने आपला दोष ढकलला होता. आणि तो जीव सगळी ताकद लावून त्याच आवाजाकडे बघू पाहत होता.

सुताराने डोक्यावरचे पागोटे काढून बाजूला ठेवले आणि साऱ्या गावादेखत तो घोंगडीवर पालथा झोपला, मुलाच्या तोंडासमोर तोंड करून. कोणीतरी फिसकन हसले.

"नेभळट हा नाही," सुतार म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता, पण ऐकू गेला. "घारगे खोटे होते. मी याला जमीन दाखवलीच नाही. भीती माझी, आणि नाव याला ठेवलं."

मुलाने त्याचे नाक धरले.

आता कुंभारीण टोमणा मारणार, असे सुताराला वाटले. तिने नुसती आपली मुलगी उचलून जागा करून दिली. "सरका अलीकडे, भावजी. लेकराच्या डोळ्यांवर ऊन येतंय."

सुईण म्हणाली, "रडला की उचलायचा. शांत झाला की परत ठेवायचा. नजर काढायची नाही त्याच्यावरून. झोप आली की पाळण्यात, उताणा. एवढंच असतं रे."

त्यानंतर सुताराने कामाच्या जागेचा एक कोपरा झाडून कोरडा केला आणि तिथे गोधडी अंथरली. गिऱ्हाईक येऊन विचारी, "सुतार कुठाय?" सुतारीण सांगे, "खाली आहेत." वाकून बघावे तर सुतार पोटावर पडून मुलाशी बोलत असे. सुरुवातीला मूल लगेच रडे. मग थोडे उशिरा रडू लागले. सुताराने पाळण्यावरचा राघू सोडवला आणि गोधडीवर ठेवला.

एका दुपारी मुलगा उताणा असताना राघू घरंगळून बाजूला गेला. त्याने हात लांबवला, एक पाय दुसऱ्यावरून टाकला, कण्हला आणि पालथा पडला. एक हात अंगाखाली अडकला. सुताराचा हात अर्ध्यावर उचलला गेला होता. तो त्याने तिथेच धरला. मुलाने आपला हात आपणच ओढून काढला.

पुन्हा भोपळा आला. सुतार ताट घेऊन दारोदार गेला. प्रत्येक दारात तो एवढेच म्हणाला, "हे खरे आहेत."

"मागचेही गोडच होते हो, भावजी!" कुंभारीण म्हणाली.

लोक हसले. सुताराला हसू आले नाही. तो मान खाली घालून पुढच्या दाराकडे वळला.

पुढे तो पाळणे करीतच राहिला. पण प्रत्येक पाळण्याबरोबर बायकोने शिवलेली एक गोधडी देऊ लागला. कोणी विचारले तर म्हणे, "झोपला की पाळणा, जागा असला की ही." याहून जास्त तो बोलत नसे. मुलगा रांगला, चालला, गावभर पळू लागला. डोक्यामागे दाट केस आले आणि खालचा सपाट भाग कुणाला दिसेनासा झाला. फक्त त्याला न्हाऊ घालताना सुताराचा तळवा तिथे पोचला की क्षणभर थांबे.

तात्पर्य एवढेच: आपली भीती आपणच वाहावी. ती लेकराच्या मानेवर ठेवली तर त्याची मान वर होत नाही, आणि पुढे आपलीही.