पळसाचे द्रोण

फार पूर्वी, डोंगरालाही दुपारी स्वप्नं पडत, तेव्हाची गोष्ट. एका माळावर करवंदं उदंड पिकायची, पण परमुलखात धाडायला द्रोण पुरायचे नाहीत. शिंपीण ही इवलीशी पक्षीण एकटीच चोचीनं पळसाची पानं टाचायची. दिवसभरात जेमतेम दहा द्रोण व्हायचे, बाकीची करवंदं जाळीतच सडायची. पोटासाठी एकेक जण माळ सोडून गेला आणि शिंपिणीच्या शेजारची घरटी ओस पडली.

एके दिवशी साळिंदरानं ओढ्यावर लाकडी चाक बसवलं. पाणी चाक फिरवी, चाक दगड उचली, आणि दगड पानावर पडला की द्रोण तयार. धुक्यातून हिरव्या होड्या याव्यात तसे द्रोण येत राहिले.

"साळूदादा, आता माझी चोच काय कामाची?" असं म्हणून शिंपीण जी रुसली, ती घरट्यात जाऊन बसली.

इकडे द्रोणांचा ढीग लागला. करवंदं तोडायला बुलबुल परतले, द्रोण भरायला मुंग्या आल्या, वाहून न्यायला बगळे आले. तिसऱ्या दिवशी साळिंदर तिच्या झाडाखाली येऊन उभा राहिला.

"शिंपीणबाई, चाकाला फाटकं पान कळत नाही हो. निम्मी करवंदं वाटेतच सांडतात. पान तुम्हीच बघून द्यायला हवं."

"सकाळी येते," ती तुटकपणे म्हणाली.

त्या संध्याकाळी शेजारच्या फांदीवर बुलबुलाचं जोडपं घरट्याच्या जागेवरून भांडत होतं. कितीतरी वर्षांनी तो कलकलाट ऐकत शिंपीण डोळे मिटून पडून राहिली. गप्प बसा, असं काही ती म्हणाली नाही.